द्राक्षाचा वाण आणि वाइनचा स्वाद : एक परिचय

नाशिक जिल्ह्यात जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षांची काढणी सुरू असते. याच सुमारास दोन प्रकारचे घड बागांतून बाहेर पडतात. पहिल्या प्रकारचे घड टपोऱ्या, लांबट, बिनबियांच्या मण्यांचे असतात. ते खोक्यांत भरून मुंबई, दिल्ली, कोलकाता तसेच युरोपच्या बाजारपेठांकडे रवाना होतात. दुसऱ्या प्रकारचे घड लहान मण्यांचे, जाड सालीचे व बियांचे असतात. ते क्रेटमध्ये भरून थेट वायनरीत नेले जातात. खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्या व्यक्तीने दुसऱ्या प्रकारातला मणी तोंडात टाकला, तर गोडी जाणवते. पण त्यामागोमाग बिया दाताखाली येतात आणि सालीचा तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. खाताना दोष ठरणाऱ्या याच गोष्टी वाइनसाठी गुण ठरतात.

भारतात तयार होणाऱ्या वाइनपैकी सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा आहे. असे असले तरी बाटलीवरील शेनिन ब्लांक, शिराझ, सॉव्हिन्यॉन ब्लांक ही नावे कंपनीची, गावाची की द्राक्षाची, असा प्रश्न अनेकांना पडतो. ही नावे द्राक्षाच्या वाणांची आहेत. वाणावर जसा वाइनचा स्वाद अवलंबून असतो, तसेच शेतकऱ्याचे अर्थकारणही अवलंबून असते. त्यामुळे या वाणांची ओळख ग्राहक आणि उत्पादक या दोघांसाठीही महत्त्वाची ठरते.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष

जगातील बहुतेक वाइन ‘व्हायटिस व्हिनिफेरा’ या एकाच वनस्पतिप्रजातीच्या द्राक्षांपासून तयार होते. महाराष्ट्रात खाण्यासाठी लावली जाणारी थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका ही द्राक्षेही याच प्रजातीतील आहेत. तरीही त्यांचे वाण वेगळे आहेत. आंबा एकच असला तरी हापूस, केसर, पायरी आणि लंगडा यांची चव एकमेकांशी जुळत नाही. द्राक्षाचेही तसेच आहे.

खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा, साल पातळ, गर कुरकुरीत आणि बिया नाहीत, अशी अपेक्षा असते. वाइनचा रंग, तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग सालीतून येतो. मणी लहान असेल तर रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण वाढते आणि वाइन अधिक गडद व स्वादिष्ट होते. शिवाय वाइनचे द्राक्ष अधिक गोडी भरेपर्यंत वेलीवर ठेवले जाते. रसातील विद्राव्य शर्करेचे प्रमाण ‘ब्रिक्स’ या एककात मोजतात. खाण्याचे द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सच्या आसपास तोडले जाते. वाइनच्या द्राक्षात हे प्रमाण बहुधा २२ ते २४ पर्यंत जाऊ दिले जाते. किण्वनाच्या वेळी यीस्ट या साखरेचे अल्कोहोलमध्ये रूपांतर करते. म्हणून द्राक्ष जितके गोड, तितके वाइनमधील अल्कोहोल अधिक.

काळ्या द्राक्षाचा गरही बहुधा रंगहीन असतो. रंग सालीत असल्याने, काळी द्राक्षे चिरडून साल लगेच वेगळी केली तर पांढरी वाइनही तयार करता येते. रस काही तास सालीसह ठेवला तर गुलाबी वाइन मिळते आणि अनेक दिवस ठेवला तर लाल. गरही रंगीत असलेले वाण थोडे आहेत. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने विकसित केलेला, रसासाठीचा ‘मांजरी मेडिका’ हा वाण त्यांपैकी एक होय.

स्वाद म्हणजे नेमके काय?

वाइनचे वर्णन करताना पेरू, लिची, काळी मिरी, ढोबळी मिरची, मध असे शब्द वापरले जातात. त्यामुळे वाइनमध्ये ही फळे वा मसाले मिसळले जातात, असा गैरसमज काही वेळा होतो. प्रत्यक्षात असे काही मिसळले जात नाही. मिरीत किंवा पेरूत जे सुगंधी रासायनिक घटक असतात, तेच किंवा त्यांच्या जवळचे घटक द्राक्षात अथवा किण्वनानंतर वाइनमध्ये आढळतात.

ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास ‘मेथॉक्सिपायराझिन’ या गटातील संयुगांमुळे येतो. सॉव्हिन्यॉन ब्लांक, कॅबर्ने सॉव्हिन्यॉन आणि त्यांच्या नात्यातील वाणांत ती आढळतात. घडावर पुरेसे ऊन पडले आणि द्राक्ष नीट पिकले की त्यांचे प्रमाण घटते. पेरू व पॅशन फ्रूटची आठवण करून देणारा वास ‘थायॉल’ या गंधकयुक्त संयुगांचा असतो. ती द्राक्षात बद्ध अवस्थेत असतात आणि किण्वनाच्या वेळी यीस्टमुळे मोकळी होतात. म्हणूनच ताज्या रसाला जो वास नसतो, तो वाइनला येतो.

मस्कॅट वाणाच्या द्राक्षांना फुलांचा दरवळ असतो. त्यामागे लिनालूल व जेरॅनिऑल ही द्रव्ये आहेत. धन्याच्या वासात लिनालूल आणि गुलाबाच्या वासात जेरॅनिऑल असते. शिराझमधील काळ्या मिरीच्या वासाचे कारण मात्र बराच काळ अज्ञात होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ‘रोटंडोन’ हे संयुग त्यामागे असल्याचे दाखवून दिले. खऱ्या काळ्या मिरीतही हेच संयुग असते.

नाकाला जाणवणाऱ्या या गंधांखेरीज जिभेला जाणवणाऱ्या काही बाबी आहेत. त्यांत पहिली आंबटपणा. त्याने तोंडाला पाणी सुटते आणि वाइन ताजी वाटते. दुसरी बाब तुरटपणा, म्हणजेच टॅनिन. कोरा चहा, कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात, तोच हा अनुभव. लाल वाइनमध्ये साल व बियांमुळे टॅनिन अधिक असते. तिसरी गोडी व चौथी अल्कोहोलची ऊब. या चौघांचा तोल साधला तर वाइन चांगली, असे ढोबळमानाने म्हणता येते.

रंगामुळे चव ओळखण्यात फसगत होते, हेही संशोधनातून सिद्ध झाले आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर करण्यात आलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग देण्यात आला होता. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी राखीव असलेल्या शब्दांत केले. डोळ्यांनी आधी निष्कर्ष काढला आणि नाकाने त्याला दुजोरा दिला. तज्ज्ञांचा शब्द अंतिम न मानता स्वतःच्या अनुभवावर भर द्यावा, असा धडा सामान्य ग्राहकाने यातून घ्यावयास हरकत नाही.

वाणांची संख्या आणि त्यांची कुळे

जगात द्राक्षाचे सुमारे १० हजार वाण ज्ञात असल्याचे मानले जाते. वाइनच्या वाणांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बृहद्ग्रंथात, व्यावसायिक उत्पादनात असलेल्या १,३६८ वाणांची नोंद आहे. प्रत्यक्षात मात्र मोजक्या वाणांचेच वर्चस्व आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, जगातील एकतृतीयांशाहून अधिक द्राक्षक्षेत्र केवळ १३ वाणांनी व्यापले होते. वाइनच्या वाणांत कॅबर्ने सॉव्हिन्यॉन अग्रस्थानी होता.

या वाणांचा वंशवृक्ष डीएनए चाचण्यांमुळे उलगडू लागला आहे. कॅबर्ने सॉव्हिन्यॉन हा कॅबर्ने फ्रांक हा काळा वाण आणि सॉव्हिन्यॉन ब्लांक हा पांढरा वाण यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मला, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. हा संकर कोणी हेतुतः घडवून आणल्याचा पुरावा नाही. दोन बागा शेजारी असाव्यात आणि परागकण वाऱ्याने गेले असावेत, एवढेच म्हणता येते. शार्डोने हा पिनो आणि ग्वे ब्लांक यांचा वंशज निघाला. ग्वे ब्लांक हा मध्ययुगीन युरोपात हलका समजला जाणारा वाण होता.

वाणाची ओळख चुकल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण चिली या देशाचे आहे. तेथे ‘मर्लो’ म्हणून वाढवल्या जाणाऱ्या अनेक वेली प्रत्यक्षात कार्मेनेर या वेगळ्याच वाणाच्या असल्याचे १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने ओळखले. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर फ्रान्समध्ये कार्मेनेर जवळपास नामशेष झाला होता. कार्मेनेर मर्लोपेक्षा उशिरा पिकतो. दोन्हींची काढणी एकाच वेळी होत राहिल्याने चिलीच्या वाइनला कच्चा, हिरवट स्वाद येत असे. ओळख पटल्यावर काढणी वेगळी केली गेली आणि आज हाच वाण त्या देशाची ओळख बनला आहे.

फिलॉक्सेरावर उपाय म्हणून अमेरिकी प्रजातींच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रातही बहुतेक बागा खुंटावरच उभ्या आहेत. मात्र येथे पाण्याची टंचाई व जमिनीतील क्षार यांना तोंड देण्यासाठी ‘डॉगरिज’सारख्या खुंटांचा वापर केला जातो. खुंट जमिनीशी झुंजतो आणि वाण स्वाद देतो, अशी ही कामाची वाटणी आहे.

पांढऱ्या वाइनचे प्रमुख वाण

शेनिन ब्लांक : मूळ फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील. दक्षिण आफ्रिकेत हा सर्वाधिक लावला जाणारा वाइनचा वाण असून तेथे तो ‘स्टीन’ या नावानेही ओळखला जातो. सफरचंद, पेर, पेरू आणि मध यांची आठवण करून देणारा स्वाद. उष्ण हवेतही आंबटपणा टिकवून ठेवणे हा त्याचा मोठा गुण. त्यामुळे नाशिक परिसरात त्याने जम बसवला. कोरडी, किंचित गोड, अतिगोड आणि फेसाळ अशा सर्व प्रकारच्या वाइन त्यापासून होतात. घड दाट असल्याने काढणीच्या तोंडावर पाऊस झाल्यास मणी कुजण्याचा धोका असतो.

सॉव्हिन्यॉन ब्लांक : कापलेले गवत, ढोबळी मिरची, लिंबाची साल, पॅशन फ्रूट असा ठसठशीत वास. थंड प्रदेशात हिरवट छटा, तर उबदार प्रदेशात पिकलेल्या फळांची छटा अधिक जाणवते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागाने या वाणाला जागतिक लोकप्रियता मिळवून दिली. ही वाइन बहुधा ताजी असतानाच प्यायली जाते.

शार्डोने : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील. स्वतःचा वास तुलनेने सौम्य असल्याने वायनरीतील प्रक्रियेचा ठसा या वाणावर सर्वाधिक उमटतो. ओकच्या पिंपात ठेवल्यास व्हॅनिलाचा वास येतो. दुसऱ्या टप्प्यातील जिवाणूजन्य प्रक्रियेने लोण्यासारखी छटा मिळते. दोन्ही टाळल्यास हिरव्या सफरचंदाचा व लिंबाचा स्वाद कायम राहतो. त्यामुळे एकाच वाणाच्या दोन वाइन पूर्णतः भिन्न लागू शकतात.

रिस्लिंग : जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या परिसरातील वाण. लिंबू, हिरवे सफरचंद व फुलांचा सुगंध, धारदार आंबटपणा. जुनी होत जाताना या वाइनला पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष समजला जात नाही. गोडी कमी-अधिक राखून केलेली रिस्लिंग तिखट जेवणासोबत चांगली लागते, असे मानले जाते.

व्हिऑन्ये, गेवुर्ट्सट्रामिनर आणि मस्कॅट : हे तिन्ही वाण सुगंधी गटातील आहेत. व्हिऑन्येत जर्दाळू व फुले, तर गेवुर्ट्सट्रामिनरमध्ये लिची व गुलाब स्पष्ट जाणवतात. लिचीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते या द्राक्षातही असते. मस्कॅट हा वाइन झाल्यावरही द्राक्षासारखाच वास देणारा मोजक्या वाणांपैकी एक. नवख्या व्यक्तीलाही हे वाण सहज ओळखता येतात.

लाल वाइनचे प्रमुख वाण

शिराझ : फ्रान्समध्ये ‘सिरा’, ऑस्ट्रेलियात ‘शिराझ’. नाव इराणमधील शहराशी जुळत असल्याने हा वाण पर्शियातून आला, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. डीएनए चाचणीने तो आग्नेय फ्रान्समधील दोन अल्पपरिचित वाणांचा संकर असल्याचे दाखवून ही आख्यायिका निकालात काढली. काळी मिरी, लवंग, ब्लॅकबेरी असा स्वाद आणि गडद रंग. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर पिकलेल्या जांभळाची तुरट-गोड छटा येथे आठवते. उष्ण हवामान सोसत असल्याने भारतातील लाल वाइनमध्ये त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

कॅबर्ने सॉव्हिन्यॉन : लहान मणी, जाड साल, मोठ्या बिया. त्यामुळे टॅनिन भरपूर. ब्लॅककरंट, देवदारासारखे सुगंधी लाकूड, कच्चा राहिल्यास ढोबळी मिरची. तरुण असताना ही वाइन कठोर वाटते, काही वर्षांत ती मृदू होते. उशिरा पिकणारा वाण असल्याने त्याची काढणी बहुधा हंगामाच्या अखेरीस होते.

मर्लो : कॅबर्नेपेक्षा मऊ आणि लवकर पिकणारा. आलुबुखार व चेरी यांचा स्वाद. बोर्दो येथे कॅबर्नेचा कडकपणा कमी करण्यासाठी दोन्हींचे मिश्रण केले जाते. कॅबर्ने फ्रांक हा दोघांचाही जनक असल्याने ते नात्याने सावत्र भावंडे ठरतात.

पिनो न्वार : पातळ साल, फिकट रंग, नाजूक प्रकृती. चेरी, स्ट्रॉबेरी आणि जुनी झाल्यावर ओल्या पानांचा, मातीचा वास. थंड हवा लागत असल्याने उष्ण प्रदेशात त्याचे गुण उतरत नाहीत. शॅम्पेनच्या प्रमुख तीन वाणांपैकी हा एक आहे.

झिनफँडेल : कॅलिफोर्नियाचा मानला गेलेला हा वाण मुळात क्रोएशियातील आहे, हे २००१ मध्ये डीएनए जुळणीवरून निश्चित झाले. इटलीत त्याला ‘प्रिमितिव्हो’ म्हणतात. एकाच घडात हिरवे मणी आणि सुकून बेदाणा झालेले मणी एकत्र आढळणे, ही त्याची अडचण. पिकलेल्या बेरीफळांचा, जॅमसारखा स्वाद. भारतात त्यापासून गुलाबी वाइनही केली जाते.

तेम्प्रानियो, सांजोवेझे, नेबियोलो आणि माल्बेक : पहिला स्पेनचा. नावाचा अर्थच ‘लवकर येणारा’ असा आहे. सांजोवेझे हा इटलीतील कियांती वाइनचा आधार असून आंबट चेरीचा स्वाद देतो. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात त्याची लागवड झाली आहे. नेबियोलोचा रंग फिकट आणि टॅनिन मात्र जबर. गुलाब आणि डांबर अशा परस्परविरोधी वासांसाठी तो प्रसिद्ध आहे. माल्बेक मूळ फ्रान्सचा असला तरी त्याला कीर्ती अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांताने मिळवून दिली.

भारतातील वाणांचा प्रवास

आधुनिक भारतीय वाइनचा प्रारंभ १९८० च्या दशकात झाला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाह्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीस बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी फ्रेंच वाणांची लागवड झाली. नाशिकजवळ १९९७ मध्ये सॉव्हिन्यॉन ब्लांक व शेनिन ब्लांक या वाणांचा प्रयोग यशस्वी झाला आणि परिसराचे चित्र पालटले. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखण्यात आली. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला.

त्यापूर्वी देशात वाइनसाठी प्रामुख्याने बंगळुरू ब्ल्यूसारखी द्राक्षे वापरली जात. या द्राक्षाचा अमेरिकी प्रजातीशी संबंध असून त्याला एक विशिष्ट उग्र वास असतो. गोव्यात लोकप्रिय असलेल्या गोड, ‘पोर्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाइनला याच गटातील द्राक्षांचा स्वाद आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘एआरआय-५१६’ हा संकरित वाणही अमेरिकी व युरोपीय प्रजातींच्या मिश्रणातून तयार झाला असून तो रस, जॅम आणि लाल वाइन यांसाठी उपयुक्त सांगितला जातो.

भारतीय हवामानाची गोष्ट वेगळी आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जाते. महाराष्ट्रात तशी कडाक्याची थंडी नसल्याने वेल वर्षभर हिरवी राहते. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. परिणामी युरोपात जेथे काढणी सप्टेंबरच्या आसपास होते, तेथे नाशिकमध्ये ती हिवाळ्याच्या उत्तरार्धात होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकमध्ये या दिवसांत दुपार उबदार आणि रात्र थंड असते. दिवसा गोडी भरते आणि रात्रीच्या गारव्यामुळे आंबटपणा टिकून राहतो. हा फरक नाहीसा झाला तर वाइन गोडसर आणि सपाट लागते.

शेतकऱ्यापुढील पेच

वाणाची निवड हा शेतकऱ्यासाठी अनेक वर्षांचा निर्णय असतो. लागवड, मांडव किंवा तारेचा आधार, ठिबक सिंचन आणि कलम यांवर मोठा खर्च होतो. समाधानकारक पीक हाती येण्यास साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर ते स्थानिक बाजारात विकता येते किंवा त्याचे बेदाणे करता येतात. बियांच्या, जाड सालीच्या वाइन द्राक्षाला असा पर्याय नसतो. त्याचा ग्राहक एकच, तो म्हणजे वायनरी.

या जोखमीचा अनुभव २००८ नंतर आला. जागतिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर घटलेले पर्यटन यांमुळे वाइनची मागणी अचानक मंदावली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. अनेक शेतकऱ्यांच्या मालाला उठाव मिळाला नाही आणि त्यांपैकी काहींनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. त्यामुळे लागवडीपूर्वी वायनरीशी लेखी करार, वाणाची खात्री आणि ब्रिक्सनुसार दराची स्पष्टता या तीन बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात. दुसऱ्या बाजूने पाहता, वाइनच्या द्राक्षात मण्याचा आकार वाढवण्यासाठी संजीवकांचा खर्च करावा लागत नाही. निर्यातीच्या द्राक्षाप्रमाणे प्रत्येक घड देखणा असण्याचे बंधनही नसते. करार पक्का असल्यास उत्पन्न स्थिर राहते, ही या पिकाची जमेची बाजू होय.

अवकाळी पाऊस, गारपीट, केवडा आणि भुरी हे रोग दोन्ही प्रकारच्या बागांना सारखेच छळतात. हवामानबदलाचा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. परंपरेला घट्ट धरून राहणाऱ्या बोर्दोनेही वाढत्या तापमानाला तोंड देण्यासाठी सहा नव्या वाणांना २०२१ मध्ये मर्यादित स्वरूपात अनुमती दिली. त्यांत पोर्तुगालचा तौरिगा नासिओनाल आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉन व ग्रेनाश यांच्या संकरातून झालेला मार्सेलान यांचा समावेश आहे. उद्याच्या वाइनचा स्वाद आजच्यासारखाच राहील, असे आता कोणीही ठामपणे म्हणू शकत नाही.

लेबल कसे वाचावे?

भारत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, चिली या देशांतील बाटल्यांवर बहुधा वाणाचे नाव ठळक असते. युरोपात, विशेषतः फ्रान्स व इटलीत, गावाचे किंवा प्रदेशाचे नाव पुढे असते आणि वाण गृहीत धरलेला असतो. चाब्ली म्हणजे शार्डोने, सांसेरची पांढरी वाइन म्हणजे सॉव्हिन्यॉन ब्लांक, बारोलो म्हणजे नेबियोलो, तर बर्गंडीची लाल वाइन म्हणजे बहुतांशी पिनो न्वार. स्पेनमधील रिओखाच्या लाल वाइनमध्ये तेम्प्रानियो मुख्य असतो. एवढे लक्षात ठेवले तरी बाटलीवरचे निम्मे कोडे सुटते.

लेबलवर एकच वाण लिहिला असला तरी बाटलीत तो शंभर टक्के असतोच असे नाही. युरोपीय संघात असे नाव देण्यासाठी त्या वाणाचे प्रमाण किमान ८५ टक्के असावे लागते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे ही मर्यादा ७५ टक्के आहे. लेबलवर दोन वाणांची नावे असल्यास, ज्याचे प्रमाण अधिक ते नाव बहुधा आधी येते.

‘ड्राय’ म्हणजे कोरडी वाइन. तिच्यात साखर जवळपास उरलेली नसते. फळांचा वास आणि गोडी या वेगळ्या गोष्टी आहेत. पिकलेल्या फळाचा वास देणारी वाइन जिभेला पूर्णतः बिनगोड लागू शकते.

तापमान आणि भोजन

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा संकेत युरोपातील थंड घरांत रुजला. मुंबई, नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३० अंशांपलीकडे जाते. अशा वेळी अल्कोहोलचा झणका वाढतो आणि वाणाचा स्वाद दबतो. लाल वाइनसाठी साधारण १५ ते १८ अंश आणि पांढऱ्या वाइनसाठी ८ ते १२ अंश सेल्सियस तापमान योग्य समजले जाते. फार थंड केल्यास सुगंध जाणवत नाही.

भारतीय भोजनाचा विचार करता, तिखटामुळे तोंडाची होणारी आग टॅनिन आणि जास्त अल्कोहोलने वाढते. त्यामुळे झणझणीत रश्शासोबत कॅबर्नेपेक्षा किंचित गोड शेनिन ब्लांक किंवा रिस्लिंग सुसह्य ठरते. तळलेल्या सुरमईसोबत सॉव्हिन्यॉन ब्लांकचा आंबटपणा लिंबाच्या फोडीचे काम करतो. मिरी-लवंगेचा मसाला असलेल्या, पण फार तिखट नसलेल्या मटणासोबत शिराझ जुळते.

ध्यानात ठेवण्याजोगे

वाइन हे अल्कोहोलयुक्त पेय आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित मानता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केली. मद्यविक्री, मद्यप्राशन आणि त्यासाठीची वयोमर्यादा यांबाबतचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. गुजरात, बिहार यांसारख्या राज्यांत दारूबंदी कायदा लागू आहे. महाराष्ट्रात मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याच्या जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळ निर्णयावरून तीव्र वाद झाला होता. शेतकऱ्याला बाजारपेठ मिळावी, हा एक पक्ष होता. व्यसन घरापर्यंत पोहोचू नये, हा दुसरा पक्ष होता. दोन्ही बाजूंची चिंता खरी आहे.

वाणांची माहिती असणे म्हणजे पिण्याची शिफारस नव्हे. मात्र शेतकऱ्याला कलम निवडताना आणि ग्राहकाला बाटलीवरचे नाव वाचताना ही माहिती उपयोगी पडते. शिराझ की शेनिन, हा प्रश्न ग्राहकासाठी एका संध्याकाळचा असतो. बागायतदारासाठी तो पुढील अनेक हंगामांचा असतो.